दिवसाची वीज

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

‘आर्थिक विकास आणि ऊर्जेचं स्थित्यंतर’ असा भारदस्त विषय मला दिला गेला आहे. विषय ऐकला आणि मला आमचे आण्णाच आठवले. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, जतच्या बाजूला. पाऊस बेताचा, विहिरी खोल. मी शिकून वीज खात्यात इंजिनिअर झालो आणि आण्णा घरची शेती करत राहिले. दिवाळीला गावी गेलो की ते मला ओसरीवर बसवून घ्यायचे आणि चहा यायच्या आत विचारायचे, “काय इंजिनिअरसाहेब, ह्या आठवड्यात आमची पाळी दिसाची का रातची?”

प्रश्न थट्टेनं विचारलेला असे, पण त्यात बोच होती. शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीनं मिळायची. एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री आठ-दहा तास. रात्रीची पाळी आली की आण्णा बारा-एकच्या सुमाराला उठायचे. खांद्यावर घोंगडं, हातात बॅटरी आणि काठी. विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा आणि मग पहाटेपर्यंत शाळूला नाहीतर हरभऱ्याला पाणी द्यायचं, म्हणजे चिखलात उभं राहून दारं धरायची. मध्येच लाईट गेली तर बांधावर शेकोटी करून बसायचं. नोकरीची पहिली वर्षं मी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात काढली आणि पुढची बरीचशी भारप्रेषण कक्षात. राज्यात या क्षणी किती वीज लागते आणि कुठून किती येते, याचा मेळ घालायची ती जागा. म्हणजे रात्रीची वीज शेतीला सोडायची, ही आखणी करणाऱ्यांत मीही एक होतो.

२००६ च्या हिवाळ्यात आमच्या वस्तीपलीकडचा एक पंचविशीतला पोरगा दारं धरताना घोणस चावून गेला. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत फार उशीर झाला होता. पुढे गावी गेलो तेव्हा आण्णांनी नेहमीची थट्टा केली नाही. एवढंच म्हणाले, “तुम्हाला लाईट रातची उरते, म्हणून आम्ही रातचं जागायचं. असंच ना रे?”

असंच होतं. ते तसं का होतं, हे आज तुम्हाला सांगतो, कारण माझ्या मते ऊर्जेच्या स्थित्यंतराचं मर्म त्यातच आहे.

वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. निदान तेव्हा तरी मोठ्या प्रमाणावर येत नव्हती. ज्या क्षणी लागेल त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि पुरवठा तोकडा पडला की विजेची वारंवारिता ५० हर्ट्झच्या खाली घसरायला लागते. ती फार घसरली तर सगळं जाळंच कोसळतं. २०१२ च्या जुलैअखेर उत्तर भारतात लागोपाठ दोन दिवस ते कोसळलं आणि कोट्यवधी लोक अंधारात गेले, हे आपल्याला आठवत असेल. भारप्रेषण कक्षात बसणाऱ्या माणसाची नजर सारखी त्या एका आकड्यावर असते.

आता कोळशाच्या केंद्राचा स्वभाव बघा. तिथला संच म्हणजे घरची गॅसची शेगडी नव्हे, की कळ फिरवली की पेटली, फिरवली की विझली. बॉयलर एकदा थंड पडला तर पुन्हा पूर्ण भरात यायला कित्येक तास जातात, तेल जळतं, यंत्रावर ताण येतो. म्हणून तो अहोरात्र चालू ठेवावा लागतो. कमी करायचा म्हटला तरी मर्यादा असते. केंद्रीय वीज नियामक आयोगानं २०१६ मध्ये ही किमान पातळी ५५ टक्के ठरवून दिली होती. मग रात्री अकरानंतर शहरं झोपली, दुकानं बंद झाली, की भट्ट्यांतून येत राहणारी ही वीज घ्यायला कोणीतरी गिऱ्हाईक हवं. दिवसा कारखान्यांची गरज, संध्याकाळी घरांची. त्यांचं भागवून झालं की उरलेली रात्रीची वीज शेतीला. हिशेबाच्या दृष्टीनं आखणी अगदी बिनचूक होती. फक्त त्या आखणीत आमच्या आण्णांच्या झोपेला किंमत शून्य होती.

आता कोणी म्हणेल, तेव्हा टंचाईच एवढी होती की दुसरं काही शक्य नव्हतं. टंचाई होती हे खरंच. २००५ नंतरची तीन-चार वर्षं आठवा. राज्यात चार-चार, पाच-पाच हजार मेगावॉटची तूट असायची. खेड्यांत बारा तास आणि त्याहूनही जास्त भारनियमन. इचलकरंजी, मालेगावला वीज गेली की यंत्रमाग थांबायचे आणि मजुरीवर पोट असलेले कामगार ओट्यावर बसून राहायचे. कारखानदारांनी डिझेलवरची जनित्रं बसवली, त्याचा खर्च मालाच्या किमतीत चढला. विजेवाचून विकास कसा अडतो, हे आपण पुस्तकात वाचलं नाही, अंगणात पाहिलं.

म्हणून विकास आणि पर्यावरण यांची चर्चा निघाली आणि कोणी ‘वीज कमी वापरा’ असा सरसकट उपदेश केला की मला अवघडल्यासारखं होतं. वीज वाया घालवू नये, हे कबूल. पण आपल्या देशात दरडोई विजेचा वापर वर्षाला सुमारे १,४०० युनिट आहे, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. ज्या घरात अजून एक पंखा आणि दोन दिवे आहेत, त्यानं काय कमी करायचं? तेव्हा वीज वाढणार, वाढलीच पाहिजे. प्रश्न एवढाच, की वाढणारी वीज कशापासून काढायची आणि तिची किंमत कोणी मोजायची.

विकासाला वीज लागते. कोळसा लागतोच असं नाही. हे वाक्य आज नवं वाटतं, पण आपल्या महाराष्ट्रात ते शंभर वर्षांपूर्वी खरं करून दाखवलं गेलं होतं. मुंबईच्या कापडगिरण्या आधी वाफेच्या इंजिनांवर चालत. त्यासाठी कोळसा बंगालहून रेल्वेनं आणि परदेशातून जहाजानं आणावा लागे. खाणी दूर, वाहतूक महाग, आणि गिरणगावावर धुराचं छत. त्याच वेळी शंभर किलोमीटरच्या आत सह्याद्रीवर पावसाळ्यात धो धो पाणी कोसळत होतं. जमशेटजी टाटांनी हे पाणी अडवून वीज करण्याची कल्पना मनात धरली. ते १९०४ साली गेले. त्यांच्या मुलांनी ती तडीला नेली. लोणावळ्याच्या परिसरात धरणं झाली, १९१५ साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि गिरण्या विजेवर चालायला लागल्या. त्यामागून १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. कोळशाकडून पाण्याकडे, म्हणजे ज्याला आज आपण नवीकरणीय नाहीतर हरित ऊर्जा म्हणू तिच्याकडे, मुंबई त्या काळातच वळली होती. ते कोणी पर्यावरणाच्या प्रेमानं केलं नव्हतं. ते स्वस्त आणि भरवशाचं होतं म्हणून केलं. मुंबई वाढली ती त्या विजेवर.

पण ही गोष्ट इथंच थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. भिऱ्याच्या केंद्रासाठी पाणी हवं होतं, ते मुळशीचं. मावळातली भाताची खाचरं आणि पन्नासएक गावं या धरणाच्या फेऱ्यात आली. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह उभारला. पांडुरंग महादेव बापट त्याचे अग्रणी होते. त्यांना ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्यानं दिली. तीन वर्षं लढा चालला, लोक तुरुंगात गेले, आणि शेवटी धरण झालंच. गिरण्यांचा धूर कमी झाला, मुंबईला वीज मिळाली आणि मावळातल्या माणसाची जमीन पाण्याखाली गेली. पुढे कोयनेतही हेच घडलं. कोयनेनं महाराष्ट्राच्या उद्योगांना उभं केलं, त्याबद्दल वाद नाही. पण तिथल्या विस्थापितांचे काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत.

स्वच्छ वीज म्हणजे फुकट वीज नव्हे, हे मी यातून शिकलो. इंधन बदललं की किंमत नाहीशी होत नाही. पुष्कळदा ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. पूर्वी ती मावळातल्या शेतकऱ्यानं दिली, नंतर रात्री दारं धरणाऱ्यानं आणि चंद्रपूरच्या राखेत राहणाऱ्यानं.

आता आजच्या बदलाकडे येऊ. २०१० च्या अखेरीस सौरविजेचे पहिले मोठे लिलाव झाले तेव्हा दर निघाले युनिटमागे अकरा-बारा रुपये. आमच्या कक्षात आम्ही हसलो होतो. एवढी महाग वीज घेणार कोण? हा सरकारी हौसेचा खेळ आहे, दोन-चार वर्षांत मिटेल, असं मी स्वतः म्हटल्याचं मला आठवतं. २०१७ साली राजस्थानात भाडल्याच्या लिलावात दर उतरला २ रुपये ४४ पैशांवर. २०२० साली गुजरातच्या एका लिलावात तो दोन रुपयांच्याही खाली, १ रुपया ९९ पैशांवर गेला. नव्यानं बांधायच्या कोळसा केंद्राची वीज आता पाच रुपयांच्या पुढे जाते. मी चुकलो होतो. माझ्यासारखे पुष्कळ अनुभवी लोक चुकले होते, कारण आम्ही यंत्राकडे खाणीच्या हिशेबानं बघत होतो. खाण जितकी खोदाल तितका कोळसा लांबचा आणि महागाचा होत जातो. सौरपट्टीचं उलट आहे. ती कारखान्यात तयार होणारी वस्तू, जितकी जास्त बनते तितकी स्वस्त होते. आणि एकदा बसवली की इंधनाचं बिल नाही.

दुसरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती पाण्याची. कोळशाच्या केंद्राला कोळशाइतकीच पाण्याची भूक असते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं जी मर्यादा घातली, ती जुन्या केंद्रांसाठी युनिटमागे साडेतीन लिटर होती. मर्यादा एवढी, तर आधीचा वापर किती असेल याची कल्पना करा. २०१३ च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, पण पाणी नव्हतं. मराठवाड्यात टँकर फिरत होते. अशा वेळी भट्टीला पाणी देणार कोण? दुष्काळात ऊन मात्र रोज येतं. दुष्काळी तालुक्यातला माणूस आयुष्यभर ज्या उन्हाला बोल लावत आला, तेच आता त्याचं भांडवल झालं आहे.

आणि हे ऊन येतं दिवसा! आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर ते इथं. कोळशाच्या व्यवस्थेत रात्री वीज उरायची. सौरव्यवस्थेत ती दुपारी उरते. दुपारी उरणारी वीज शेतीला दिली तर कोणावर उपकार होत नाहीत. उलट यंत्रणेचीच सोय होते. शेतीचे फीडर सौरविजेवर चालवण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्यात २०१७ साली आली आणि २०२३ मध्ये तिचं दुसरं, पुष्कळ मोठं रूप आलं. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि तिथली वीज त्याच भागातल्या पंपांना द्यायची, अशी ही साधी रचना आहे. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि शेजारीच तयार होत असल्यानं लांबवरच्या तारांतली गळतीही वाचते.

यात उद्योगांचाही लाभ आहे. शेतीला सवलतीत वीज देण्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं उद्योगांकडून चढा दर घेतला गेला. महाराष्ट्रातला कारखानदार शेजारच्या राज्यांतल्या दराकडे बोट दाखवून तक्रार करतो ती यामुळे. शेतीची वीजच स्वस्तात तयार झाली तर हा बोजा हलका करता येतो. विकास एकीकडे आणि हरित ऊर्जा दुसरीकडे अशी जी ओढाताण भाषणांतून दाखवली जाते, ती इथं तरी दिसत नाही.

पण श्रोतेहो, मी सगळं छान छान सांगून उठलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. माझ्या पेशातल्या माणसानं तर तसं करूच नये.

२०२५ च्या जूनमध्ये देशातल्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगरकोळसा, बिगरतेल, बिगरवायू झाली. जागतिक परिषदांत आपण दिलेलं २०३० चं वचन पाच वर्षं आधी पुरं झालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्षात तयार झालेली वीज वेगळी. सौरपट्टी रात्री झोपते, ढगाळ दिवशी पेंगते. कोळशाचा संच अहोरात्र राबतो. त्यामुळे २०२४-२५ या वर्षात देशात तयार झालेली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. त्याच वर्षी देशानं पहिल्यांदाच शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. म्हणजे सूर्य वाढला, पण कोळसा अजून उतरला नाही. वाढती मागणी दोघांनाही खाऊन टाकते. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर पोचली होती.

खरी परीक्षा आहे ती संध्याकाळची. साडेसहाला सूर्य जातो आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, आता वातानुकूलन यंत्रं सुरू होतात. भारप्रेषण कक्षात बसणाऱ्यांना आता रात्रीच्या एकची नाही, संध्याकाळच्या सातची धास्ती असते. यावर उपाय आहेत. कोयना आहे; तिच्या पाण्यातून वीज काही मिनिटांत वर आणता येते. पण लवादानं कोयनेचं पश्चिमेला सोडायचं पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीवर बांधून दिलं आहे, ते जपून वापरावं लागतं. घाटघर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर एक तलाव, खाली कोकणच्या अंगाला दुसरा. वीज उरेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून २५० मेगावॉट वीज घ्यायची. या उचलपाचलीत पाचवा ते चौथा हिस्सा वीज वाया जाते, पण वेळ साधते. हे केंद्र २००८ साली सुरू झालं ते रात्रीची कोळशाची वीज साठवण्याच्या हिशेबानं. आता त्याच यंत्रणेत दुपारचं ऊन साठवता येईल. मोठ्या बॅटऱ्यांच्या किमतीही झपाट्यानं उतरताहेत. आणि ग्राहकानंही आपली वेळ बदलावी यासाठी २०२३ मध्ये केंद्रानं नियम केला, की उन्हाच्या तासांत विजेचा दर कमी आणि संध्याकाळच्या गर्दीत जास्त असावा. पिठाच्या गिरणीवाल्यानं दळण दुपारी काढलं तर तोही या स्थित्यंतराला हातभारच आहे.

यंत्रांचे प्रश्न सुटतील. चाळीस वर्षं यंत्रांत काढल्यानंतर मला त्यांची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती माणसांची.

२०२५ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमच्या भागातल्या फीडरवर आता सौरप्रकल्पाची वीज आहे. सकाळी नऊच्या सुमारास लाईट येते, उन्हं उतरेपर्यंत टिकते. शेत आता पुतण्या बघतो. तो बायकोबरोबर न्याहारी करून रानात जातो. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या घरात ती दोन पिढ्यांत घडली नव्हती. प्रकल्प उभा आहे तो गायरानावर. तिथं पूर्वी धनगरवाड्यातली मेंढरं चरायची. आता कुंपण आहे. एक म्हातारा मेंढपाळ मला म्हणाला, “तुमच्या मोटारी दिसा चालल्या हे चांगलंच झालं. पण आमची मेंढरं आता कुठं न्यायची ते कुणी इचारलं न्हाई.” खासगी जमिनीच्या मालकाला भाडं मिळतं, गायरानाच्या या खऱ्या वापरकर्त्याच्या हाती काय पडतं? मला एकदम मुळशी आठवलं. प्रमाण लहान आहे, पण जात तीच. आणि पुतण्याशी बोलताना दुसरी गोष्ट कळली. दिवसा वीज, तीही २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिनपैशाची, त्यामुळे मोटर बंद करायचं कारणच उरलेलं नाही. शेजारच्या बोअरचं पाणी पुन्हा खाली गेलं आहे. ऊन संपणार नाही, पण जमिनीखालचं पाणी संपेल. ठिबक आणि पाण्याचा ताळेबंद याशिवाय दिवसाची वीज म्हणजे विहीर लवकर आटवण्याचा मार्ग.

तिथून मी चंद्रपूरला गेलो. १९८३ साली तिथला पहिला संच सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी मी तिथं रुजू झालो. ऊर्जानगरच्या वसाहतीत सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारी करडा व्हायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर त्यात वरच्या क्रमांकांत होतं. त्या शहरानं मुंबई-पुण्याच्या दिव्यांसाठी आपली छाती दिली आहे, हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. पहिले दोन संच आता बंद झाले. तरी २,९२० मेगावॉट क्षमतेचं ते केंद्र राज्याचा मोठा आधार आहे.

माझ्याबरोबर पाळीला असणारा एक फिटर आता सत्तरीला आला आहे. त्याचा मुलगा कोळशाच्या कंत्राटी कामावर आहे आणि नातू आयटीआयमध्ये शिकतो. नातवानं मला विचारलं, “सर, सोलरचा कोर्स करू का? पण सोलरची कामं तिकडं धुळ्याला, सोलापूरला. मग इथं कोण राहणार?” पोराचा प्रश्न अचूक होता. कोळसा चंद्रपूर, यवतमाळमध्ये आहे. मोठे सौरप्रकल्प आणि पवनचक्क्या प्रामुख्यानं राज्याच्या दुसऱ्या अंगाला आहेत. शिवाय सौरप्रकल्प उभारताना माणसं लागतात, चालवायला फारशी लागत नाहीत. खाण, रेल्वे साइडिंग, ट्रक, टायरची दुकानं, खानावळी, चहाच्या टपऱ्या हा सगळा संसार कोळशाभोवती उभा आहे. एका जागची नोकरी जाते आणि दुसरी दुसऱ्या जागी निर्माण होते, तेव्हा आकड्यांत वजाबाकी शून्य दिसते. गावात ती दिसत नाही.

इंग्लंडनं हे भोगलं आहे. १८८२ साली लंडनमध्ये कोळशावर सार्वजनिक वीज सुरू झाली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशातलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. १४२ वर्षांचा अध्याय संपला आणि त्यांची अर्थव्यवस्था काही बुडाली नाही. १९९० पासूनच्या तीन दशकांत त्यांची अर्थव्यवस्था सुमारे पाऊणपटीनं वाढली आणि कर्बवायूंचं उत्सर्जन निम्म्यावर आलं. विकास आणि धूर यांची गाठ सोडवता येते, याचा हा पुरावा. पण वेल्स आणि यॉर्कशरमधल्या खाणगावांना विचारा. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला, खाणी भराभर बंद झाल्या आणि पुढचं काय याची तयारी कोणी केली नव्हती. त्या गावांतली बेकारी पिढीभर हटली नाही. देश पुढे गेला, गावं मागे राहिली.

आपल्या हाती अजून वेळ आहे. चंद्रपूरच्या खाणी उद्या बंद होणार नाहीत; भारतानं कर्बउत्सर्जन शून्यावर आणण्याचं वर्ष २०७० ठरवलं आहे. खाणपट्ट्यांतल्या लोकांसाठी २०१५ च्या कायद्यातील दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठानं स्थापन झाली. खाणचालकाला स्वामित्वधनाच्या दहा ते तीस टक्के रक्कम तिथं भरावी लागते. कोळसा आहे तोवर हा पैसा येत राहील. कोळसा थांबला की तोही थांबेल. तेव्हा या पैशातून पुढच्या वीस वर्षांची सोय आजच व्हायला हवी. वीजकेंद्रांकडे जमीन आहे, पाण्याचा हक्क आहे आणि मुख्य म्हणजे राज्यभर जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या आहेत. त्याच जागी बॅटऱ्यांची साठवण, सौरपट्ट्या, यंत्रसामग्रीचे कारखाने येऊ शकतात. त्या फिटरच्या नातवाला घर न सोडता काम मिळेल, अशी आखणी अशक्य नाही. आम्ही एके काळी हजारो फीडरांची रात्रीची आखणी केली होती. ही त्याहून अवघड नाही. फक्त या वेळी आखणीच्या कागदावर माणसाचाही रकाना हवा.

शेवटी पुन्हा आण्णांकडे येतो. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. निघताना मी त्यांना म्हटलं, “आण्णा, आता लाईट दिवसाची झाली. आता रात्री निवांत झोपायचं.”

ते हसले. म्हणाले, “लाईट दिसाची झाली रे, पण जाग अजून एकालाच येते. उठतो, वाकळंवर बसतो. मग ध्यानात येतं, की आता कुठं जायचं नाही. पुन्हा पडतो.”